जुन्या मोटारीचे अडखळणारे एंजिन : निदान कसे करावे

म्हशाच्या यात्रेत बैल घेताना आमचा शेतकरी जनावराचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि विकणाऱ्याने कितीही गोडवे गाइले तरी पाठीवरून स्वतःचा हात फिरविल्याखेरीज सौदा पुरा करीत नाही. तोच शेतकरी जुनी मोटार घ्यावयास निघाला म्हणजे रंग, गाद्या व टायर एवढे पाहून पैसे मोजतो. पुढे महिन्या-दोन महिन्यांत एंजिन अडखळू लागते, मिस्त्री ‘एंजिन खोलावे लागेल’ असे सांगतो, आणि रब्बीच्या बी-खतासाठी बाजूस ठेवलेली रक्कम बोअर-पिस्टनात जाते. ही रक्कम कित्येक वेळा जावयास नको असते. कित्येक वेळा ती जाणे अटळ असते. पण मग ती मोटार मुळात घ्यावयाचीच नसते. या दोहोंतला भेद घरच्या घरी, थोड्या हत्यारांनिशी व बऱ्याचशा धीराने कसा ओळखावा, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

आरंभीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. एंजिन अडखळते म्हणजे त्यातील एक वा अधिक सिलिंडर आपल्या वाट्याचे काम करीत नाहीत. गॅरेजात यालाच ‘मिसिंग’ म्हणतात. म्हणून ‘काय बिघडले?’ हा पहिला प्रश्न नव्हे. ‘कोणत्या सिलिंडरात बिघडले?’ हा पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळण्यापूर्वी जो प्लग, कॉइल, कार्बोरेटर यांची नवी खरेदी सांगतो तो अंदाजाने औषध देणारा वैदू समजावा.

चार सिलिंडरांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो. गाडी उभी असता एंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटास ४०० वेळा पेटला पाहिजे. एक मेला म्हणजे मिनिटास ४०० ठोके गळाले. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरांच्या मोटारीत एक मेला तर तृतीयांश बळच गेले. येथेच सांगून ठेवतो की तीन सिलिंडरांचे एंजिन धडधाकट असतानाही उभ्या गाडीत थोडे थरथरते. तो दोष नव्हे. त्याच जातीची दुसरी गाडी शेजारी चालू करून ताडून पाहावी.

आता अडखळणे केव्हा होते हे नीट पाहावे, कारण निम्मे निदान त्यातच आहे. मुरबाड-शहापुराकडून ठाण्यास जिल्हाधिकारी कचेरीच्या कामाने येणाऱ्या आमच्या वाचकांस टेंभी नाका ठाऊक आहेच. तेथील दाटीत, विशेषतः नवरात्रात देवीच्या उत्सवाच्या दिवसांत, मोटार एकेका जागी पाच-पाच मिनिटे उभी राहते. काही मोटारी अशा वेळी गदगदा हलतात, सुकाणू हातात थरथरते, एखादे वेळी एंजिन बंदही पडते. आणि त्याच मोटारी पुढे नाशिक रस्त्यास लागल्या की जणू काही झालेच नाही अशा पळतात. दुसऱ्या काही मोटारी नाक्यावर शांत उभ्या राहतात, पण माळशेज वा कसाऱ्याचा घाट लागला की धक्के देऊ लागतात. हे दोन रोग निराळे आहेत.

उभ्या गाडीत एंजिनास जाणारी हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. मिश्रण थोडे जाते, ते दुबळे पेटते, आणि फ्लायव्हील सावकाश फिरत असल्यामुळे एक ठोका चुकला तरी तो सांभाळून घेण्याइतका जोर त्यात नसतो. अशा वेळी मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून अथवा एखाद्या फाटक्या रबरी नळीतून चोरून आत शिरणारी थोडीशी हवाही मिश्रण बिघडविते. वेग वाढला की मुळातच हवा पुष्कळ जाऊ लागते, मग चोरट्या हवेचे प्रमाण नगण्य होते आणि दोष लपतो. व्हॉल्व नीट न बसल्यामुळे कमी झालेला दाबही असाच नाक्यावर उघडा पडतो व हमरस्त्यावर झाकला जातो. घाटात याच्या उलट घडते. झडप पुरी उघडलेली, सिलिंडरात मिश्रण ठासून भरलेले. त्या दाबातून ठिणगी उडावयास विजेचा जोर अधिक लागतो. म्हणून झिजलेला प्लग, तडकलेली तार किंवा थकलेली कॉइल नाक्यावर निभावून नेते आणि चढावर दगा देते. पेट्रोल अपुरे मिळत असले, फिल्टर तुंबला वा पंप दुबळा झाला, तरी तेही चढावरच कळते. यास्तव मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून ठेवावे : थंड असता की तापल्यावर, उभे असता की चढावर, पावसात की कोरड्यात. हा कागद मिस्त्रीच्या अर्ध्या दिवसाची मजुरी वाचवितो.

हलणारी प्रत्येक मोटार अडखळणारी असते असेही नाही. एंजिन ज्या रबरी बैठकांवर बसविलेले असते त्या फाटल्या म्हणजे चांगल्या एंजिनाचा साधा कंपही सर्व गाडीत उतरतो. सायलेन्सरच्या नळीमागे तळहात धरावा. धुराचे फुंकर एकसारखे, तालात येत असतील तर एंजिन बहुधा निर्दोष आहे, बैठका पाहाव्या. ताल मध्येच तुटत असेल तर ठोका गळतो आहे. तेथेच कागदाचा कपटा धरला असता तो मधून मधून आत ओढला जात असेल तर जळालेल्या एक्झॉस्ट व्हॉल्वचा संशय घ्यावा. ह्या सर्व परीक्षा उघड्यावर कराव्या. गोठ्यात वा बंद पडवीत एंजिन चालू ठेवू नये, त्यातून निघणाऱ्या वायूस वास नसतो आणि तो माणसास न कळत मारतो.

मेलेला सिलिंडर शोधण्याची रीत जुनी व सोपी आहे. पॉइंट-कॉइलच्या जुन्या मोटारीत, म्हणजे पद्मिनी, जुनी पेट्रोल जीप इत्यादींत, एंजिन मंद चालू ठेवून कोरड्या हाताने, लाकडी वा रबरी मुठीच्या चांगल्या पकडीने एकेका प्लगची तार क्षणभर उपसावी व परत बसवावी. तार काढताच एंजिन अधिक लंगडले तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. सुटलेली तार एंजिनाच्या लोखंडापासून फार दूर लोंबकळू देऊ नये, तशाने कॉइलवर ताण येतो. मात्र इंजेक्शनच्या नव्या मोटारींत ही रीत मुळीच करू नये. तेथील विजेचा जोर अंगास घातक असून यंत्राचा मेंदूही जळू शकतो. शिवाय न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग तापून निकामी होतो. अशा गाडीत प्लगच्या तारेऐवजी इंजेक्टरचा विजेचा खटका एकेक सोडवून पाहावा, अथवा गॅरेजातील स्कॅनर लावावा. स्कॅनरवर ‘पी ०३०१’ असे आले तर पहिला सिलिंडर ठोका गाळतो, ‘पी ०३०२’ आले तर दुसरा, असे समजावे. पण स्कॅनर कोणता सिलिंडर एवढेच सांगतो. का, हे सांगत नाही. तो आकडा पाहून लगेच कॉइल बदलणारे पुष्कळ आहेत.

जुन्या डिझेल जिपेत व ट्रॅक्टरात प्लगची ठिणगी नसल्यामुळे इंजेक्टरच्या नळीची चाकी एकेक किंचित सैल करून हीच परीक्षा करतात. पंपाच्या एंजिनाने हवा धरली असता ती काढणाऱ्या वाचकांस हे काम नवे नाही. परंतु कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल गाडीची नळी चालू एंजिनावर कदापि सैल करू नये. तेथे डिझेलचा दाब हजार पटींहून अधिक वातावरणांचा असतो आणि ती बारीक धार कातडी फोडून मांसात शिरते.

सिलिंडर सापडला की पुढचा प्रश्न : त्यास ठिणगी मिळत नाही, मिश्रण मिळत नाही, की दाब राहत नाही? चौथे कारण नाही म्हटले तरी चालेल. येथे एकही नवा भाग विकत न घेता करावयाची युक्ती म्हणजे अदलाबदल. मेलेल्या सिलिंडराचा प्लग चांगल्या सिलिंडरात व तेथला येथे लावावा. रोग प्लगाबरोबर गेला तर प्लग दोषी. गेला नाही तर, तारा पोहोचत असल्यास, त्यांची अदलाबदल करावी. मात्र डेल्कोच्या टोपीवरील क्रम सांभाळावा. पद्मिनीत तो १-३-४-२ असा आहे, आणि तो चुकला तर चांगले एंजिनही खोकू लागते.

मुरबाड तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अशीच एक जुनी पद्मिनी हौसेने घेतली. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सचा, म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीचा, तो माल. मुंबईच्या रस्त्यावरील पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तथापि खाजगी गाड्या हौशी लोकांनी अजून जपल्या आहेत. दिवाळीनंतर ठाण्यास जाताना टेंभी नाक्यावर गाडी इतकी हलू लागली की मागच्यांनी शिंगे वाजवून भंडावले. वाटेतल्या एका गॅरेजने आवाज ऐकूनच बोअर करावयास सांगितले व सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याजवळ होता. गाडी आम्ही पाहिली तेव्हा तिसरा सिलिंडर मेलेला निघाला. प्लग बदलून रोग हलला नाही. तार बदलताच तो दुसऱ्या सिलिंडरात गेला. तार काढून पाहतो तो खालच्या अंगास उंदराचे दात. गाडी भाताच्या कणगीशेजारी उभी राहत होती, आणि कापणीनंतर कोकणपट्टीत उंदीर कोठे जमतात हे वाचकांस सांगावयास नको. तारांचा नवा संच बसविला, काम झाले. दाबाची परीक्षा न करता बोअर सांगणाऱ्या मिस्त्रीस, मग त्याचे नाव कितीही मोठे असो, नमस्कार करून निघावे हे बरे.

काढलेला प्लग फेकून देऊ नये, तो वाचावा. टोक फिके तपकिरी असेल तर त्या सिलिंडराची प्रकृती उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल अधिक येते किंवा चोक अडकला आहे. पांढुरके व भाजल्यासारखे असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त. ओला असून पेट्रोलचा वास येत असेल तर मिश्रण येते पण ठिणगी नाही. तेलकट काळा चिकटा असेल तर रिंगांतून वा व्हॉल्वच्या सीलमधून तेल वर येत आहे, आणि ही खूण खरेदीपूर्वी दिसली तर सौदा थांबवावा. चारही प्लग ओळीने कागदावर मांडावे. तीन सारखे आणि एक निराळा असेल तर त्या एका सिलिंडरापुरता दोष, चारही सारखेच बिघडलेले असतील तर दोष सर्वांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे कार्बोरेटर, कॉइल वा पॉइंट येथे शोधावा.

पॉइंटांचे काम नखाएवढे, पण त्यावाचून सर्व अडते. ते खरवडले, त्यांतील अंतर कमी-जास्त झाले किंवा कंडेन्सर गेला की सर्वच सिलिंडर आळीपाळीने गळू लागतात. अंतर त्या गाडीच्या पुस्तकात दिले असेल तेच फिलर गेजने ठेवावे, डोळ्याने नव्हे. पावसाळ्यात सकाळी अडखळणारी व ऊन पडताच सुधारणारी गाडी असेल तर डेल्कोची टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसावी व केसासारखी काळी रेघ दिसते काय पाहावे. ती रेघ म्हणजे विजेची चोरवाट. रात्री दिवे मालवून बॉनेट उघडले असता तारांवरून निळसर ठिणग्या धावताना दिसतात. असा तमाशा दिसला की तारा बदलण्यास वेगळा पुरावा नको.

मिश्रणाच्या बाबतीत चोरटी हवा प्रथम शोधावी. मंद चालू एंजिनावर कार्बोरेटरच्या बुडाशी व मॅनिफोल्डच्या जोडांवर साबणाचे पाणी ब्रशाने लावीत जावे. ज्या जागी लावताच एंजिनाची चाल बदलते तेथे फट आहे. काही मिस्त्री याच कामास पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी हा उद्योग करणाऱ्याच्या धाडसाचे आम्हांस कौतुक वाटत नाही.

दुसरी गोष्ट आजच्या पेट्रोलची. आमच्याच उसापासून, तसेच मका वगैरे धान्यापासून केलेले इथेनॉल त्यात मिसळलेले असते. २०२२ साली हे प्रमाण देशात १० टक्क्यांवर गेले व २०२५ साली २० टक्क्यांवर. ऊस लावणाऱ्यास ही आनंदाची गोष्ट आहे, पण जुन्या कार्बोरेटरास तिची सवय नाही. निव्वळ पेट्रोलच्या एका भागास जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ भाग पुरते. जुन्या कार्बोरेटरातील जेट निव्वळ पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले, म्हणून मिश्रण हवेकडे झुकते आणि थंडीत एंजिन खुरडते. मंद चालीचा स्क्रू जाणत्याकडून किंचित फिरवून घेतल्यास नाक्यावरचे थरथरणे पुष्कळ कमी होते. इथेनॉल पाणी ओढून घेते ही याहून मोठी अडचण. आषाढापासून भाद्रपदापर्यंत अर्ध्या टाकीने उभी असलेली गाडी दमट हवेतून पाणी गोळा करते. ते प्रमाणाबाहेर झाले की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळाचेच उचलतो. टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून तासभर ठेवावे. दोन थर दिसले तर प्लग-कॉइलच्या मागे न लागता टाकी रिकामी करून धुवावी. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने फुगून मऊ पडतात, त्या नव्या प्रतीच्या घालाव्या.

ठाणे-कल्याणकडील पुष्कळ जुन्या गाड्यांस सीएनजी लावलेला असतो. निदान करणाऱ्यास ही मोठीच सोय आहे, कारण एकाच एंजिनास दोन अन्ने देऊन पाहता येते. पेट्रोलवर नीट आणि गॅसवर अडखळते, तर प्लग-तारा अथवा गॅसचा संच पाहावा. गॅस पेटविण्यास ठिणगी अधिक जोराची लागते. गॅसवर नीट व पेट्रोलवर अडखळते, तर कार्बोरेटर वा इंजेक्टर. दोहोंवर सारखेच लंगडते, तर रोग खोल आहे. गॅसवर फार धावलेल्या एंजिनात व्हॉल्वच्या बैठका झिजून व्हॉल्व आत आत जातो, टॅपेटमधील अंतर नाहीसे होते व व्हॉल्व पुरा मिटत नाही. अंतर वेळीच नीट केले तर एवढ्यावर भागते, न केले तर व्हॉल्व जळतो.

आता दाब. ही परीक्षा सर्वांत शेवटी, पण मोटार विकत घेताना मात्र सर्वांत आधी. एंजिन तापवून सर्व प्लग काढावे, ठिणगी व पेट्रोल बंद करावे, अॅक्सिलरेटर पुरा दाबून धरावा आणि प्रत्येक भोकात दाबमापक लावून स्टार्टरने पाच-सहा फेरे द्यावे. मुख्य पाहावयाचे ते सारखेपण. तीन ठिकाणी १० किलो व एका ठिकाणी ६ असे आले तर दुखणे निश्चित. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या तीन चतुर्थांशाखाली जाऊ नये. कमी निघालेल्या सिलिंडरात चमचाभर एंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या, कारण तेलाने फट भरली. जागचा हलला नाही तर व्हॉल्व. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर मधले हेड गॅस्केट फाटले असावे. मग रेडिएटरात बुडबुडे व तेलात दुधी रंग येतो काय तेही पाहावे. व्हॉल्व व गॅस्केट हे हेड उतरवून होणारे काम आहे, किमतीतून तेवढी रक्कम वजा करून गाडी घेण्यास हरकत नाही. रिंगा व बोअर गेले असतील तर, गाडी विशेष जिव्हाळ्याची नसेल तर, परत फिरावे.

विकणारा दाब मोजू देत नाही असे पुष्कळदा घडते. तेव्हा निदान गाडी थंड असताना पाहण्याचा आग्रह धरावा. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा; ते ऊन लागले तर चहा घ्यावा, दोन तास थांबावे व मगच किल्ली फिरवावी. तापविलेल्या एंजिनात झिजलेली रिंग व सैल व्हॉल्व दोन्ही काही काळ गप्प बसतात. तसेच प्रदूषण तपासणीची म्हणजे पीयूसीची चिठ्ठी मागावी आणि ती जुनी असेल तर आपल्यासमोर नवी काढवावी. तिच्यावर पेट्रोल गाडीसाठी दोन आकडे असतात. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मोठा असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, हे कार्बोरेटरच्या दुरुस्तीने सुटते. हायड्रोकार्बनचा आकडा एकटाच फुगलेला असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे कोठे तरी ठोका गळतो आहे, मग गाडी कानास कितीही शांत वाटो.